भुलीच्या टेबलावर एक साचेवाला

ऑपरेशन ठरलेला माणूस चाकूला घाबरत नाही, भुलीला घाबरतो. निदान मी तरी तसाच होतो. रक्ताचं, टाक्यांचं मला काही वाटत नव्हतं. गिरणीत मागातून उडालेला धोटा कपाळावर बसलेली माणसं मी पाहिली होती, एकदा तर एकाला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलंही होतं. पण डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला पूर्ण भूल द्यावी लागेल," आणि माझी पाचावर धारण बसली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या चाळीत कुणाचं ऑपरेशन ठरलं की त्याला माझ्याकडे पाठवतात, "जा, म्हादूकाकांना विचार, ते जाऊन आलेत." जणू मी काशीलाच जाऊन आलोय. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदा लिहूनच काढतो. डॉक्टरकी सांगणार नाही, ती मला येत नाही. भूल म्हणजे काय, ती किती प्रकारची, आणि ती घ्यायला मी एकदा नाही तर दोनदा कसा गेलो, एवढंच सांगतो.

कान

मी साचेवाला. आम्ही मागाला साचा म्हणतो, आणि जिथे शेकडो साचे एकाच वेळी खडखडतात तो साचाखाता. तिथे बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही ओठ बघून बोलायचो. नवा माणूस महिना-दोन महिन्यांत शिकायचाच. माझ्या शेजारच्या साच्यांवर जयवंत कांबळे होता, डिलाईल रोडचा. आम्ही दोघांनी आयुष्यातल्या अर्ध्या गप्पा आवाज न काढता मारल्यात, शिव्यांसकट.

माझा डावा कान लहानपणापासून वाहायचा. गावी आईने लसणीचं तेल घातलं, मुंबईत मी कापसाचा बोळा घातला. गिरणीत कापूस काय, हवा तेवढा! मग संप झाला. साचे बंद पडले, भोंगे बंद पडले, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की माझ्या डोक्यात एक शिट्टी सतत वाजतेय. ती बहुधा कितीतरी वर्षं वाजत असणार. पुढे चक्कर यायला लागली. गेट मीटिंगला उभा असताना एकदा जयवंतच्या अंगावर कोसळलो. लोक म्हणाले, उपाशी असेल बिचारा. मीही तसंच समजलो.

मग एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूने आपोआप गळायला लागलं. ओठ मिटतच नव्हता. माझी बायको शेवंती माझ्याकडे बघत राहिली.

"तुमचा तोंड वाकडा झाला हा," ती म्हणाली.

"काय तरीच काय?"

"आरशात बगा मगे."

आरशात बघितलं. अर्धा चेहरा माझा होता, अर्धा कुणा म्हाताऱ्याचा.

संपात कामगार विम्याच्या कार्डाचं नक्की काय होणार ते कुणी धड सांगेना, म्हणून सरळ परळच्या मोठ्या इस्पितळात गेलो. कानाच्या डॉक्टरांनी फोटो काढले. एका बंद खोक्यात बसवून दोन्ही कानांत शिट्ट्या ऐकवल्या. "उजवा कानही बराच गेलाय तुमचा," असं ते म्हणाले, पण ते मी मनावर घेतलं नाही. साचाखात्यातल्या कुणाचाही कान तपासला असता तरी हेच निघालं असतं. आम्ही त्याला बहिरेपण म्हणतच नव्हतो. समोरच्याचं तोंड दिसलं की सगळं कळायचं, मग बहिरे कसले?

डाव्या कानाचं मात्र ऐकून घेतलं. कानामागचं हाड सडलं होतं. चेहरा हलवणारी नस त्या हाडातूनच जाते, ती दबली होती. पू आणखी आत शिरला तर मेंदूत जाणार.

"कान वाचेल?" मी विचारलं.

"कानाचं सोडा," डॉक्टर म्हणाले. "तोंड आणि जीव वाचवू या. पण उशीर करू नका."

"दात काढताना देतात तसं कानाजवळ इंजेक्शन देऊन नाही का होणार?"

"हाड कोरायचंय, दोन-तीन तास. तुम्ही तेवढा वेळ हलायचं नाही, शिंकायचं नाही. पूर्ण भूलच लागेल."

चाळीतले तज्ज्ञ

घरी आलो तोवर काळाचौकीभर बातमी झाली होती. संपामुळे माणसं रिकामीच होती, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या मावशींना तरुणपणी ऑपरेशनसाठी ईथर दिलं होतं. तोंडावर जाळी, जाळीवर कापड, आणि कापडावर थेंब थेंब औषध. "चार जणांनी धरलं होतं मला. जीव घुसमटला रे. नंतर तीन दिवस नुसत्या ओकाऱ्या." समोरच्या खोलीतल्या सावंतांचा हात मोडला होता. हात बसवताना त्यांना शिरेतून काहीतरी दिलं, तर त्यांना मेलेले वडील पंख्यावर बसून कांदेपोहे खाताना दिसले. "आणि मला एक घास विचारला नाही," हे ते अजूनही रागाने सांगतात. तिसऱ्याचं हर्नियाचं झालं होतं. त्याच्या कमरेत सुई टोचली, पाय मेले, आणि तो मजेत पडून डॉक्टरांच्या क्रिकेटच्या गप्पा ऐकत होता. "तसलीच माग," म्हणाला, जणू भूल हॉटेलात मागवायची असते.

आणि मग कुणीतरी, नेहमीप्रमाणे, न उठलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. अशी गोष्ट प्रत्येक चाळीत असते. आमच्या चाळीतल्या गोष्टीत शेवंतीचे लांबचे मामा होते. गावच्या दवाखान्यात झोपवलं, ते झोपलेच. ती गोष्ट चालू असताना शेवंती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

त्या रात्री तिने हळूच विचारलं, "गावाक जावया काय? सगळे जातत."

खरंच सगळे जात होते. रोज कुणीतरी ट्रंक बांधत होतं. मी तिला म्हटलं, गावाला पेज मिळेल, मासळी मिळेल, पण हाड कोरणारा डॉक्टर मिळणार नाही. संप सोडून पळालो नाही, आता कान घेऊन कुठे पळू? मी हे फार ठसक्यात बोललो. अर्धं तोंड वाकडं असल्यामुळे ठसका किती पोचला ते देव जाणे. आतून मी टरकलो होतो आणि तिला ते दिसत होतं. ती तेव्हा कॉटन ग्रीनच्या एका गोदामात धान्य निवडायला जायची. सकाळी निघताना म्हणाली, "मगे भियाचा नाय. केलास तर पुरा करूचा."

"नाही भीत," मी म्हणालो.

सबनीस बाई

इस्पितळात भरती झालो. आदल्या दिवशी दुपारी एक डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. बारीक अंगाच्या, केसांत पांढरी बट. "मी डॉक्टर सबनीस. उद्या तुम्हाला भूल मी देणार," म्हणाल्या आणि चक्क स्टूल ओढून समोर बसल्या. इस्पितळात डॉक्टर बसले की मला निम्मं बरं वाटतं.

त्यांनी दात हलवून पाहिले, मान मागे वाकवून पाहिली, दम्याचं विचारलं, तंबाखूचं विचारलं. मी तंबाखू खायचो. "आजपासून बंद," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता तुम्ही विचारा."

मी एकदम तोंडावरच विचारलं, "उठलो नाही तर?"

त्या हसल्या नाहीत. "भीती बरोबर आहे तुमची. धोका अजिबात नाही असं म्हटलं तर मी खोटी ठरेन. पण तुम्हाला झोपवून मी चहाला जाणार नाहीये. तुमच्या डोक्याशी बसणार. नाडी, श्वास, रक्तदाब, तुमचा रंग, सगळं शेवटपर्यंत बघत. ऑपरेशन सर्जन करतील, तुम्हाला मी सांभाळीन."

मग मी चाळीतल्या कहाण्या सांगितल्या. पंख्यावरच्या वडिलांचं ऐकून त्या मात्र हसल्या आणि एकेक करून उलगडून सांगायला लागल्या. दात काढताना देतात ती एका जागेची भूल, तेवढीच जागा बधिर होते. कमरेतून देतात ती खालच्या अर्ध्या अंगाची. कानाला तिचा काय उपयोग! आणि तिसरी पूर्ण भूल. तिच्यात माणसाला शुद्ध राहत नाही, दुखणं कळत नाही, अंग सैल पडतं, आणि नंतर काही आठवत नाही.

"ही सगळी कामं एकच औषध करतं, असं लोकांना वाटतं," त्या म्हणाल्या. "जुन्या काळी ईथर एकटंच सगळं करायचं, म्हणून ते खूप द्यावं लागायचं. मावशींच्या ओकाऱ्या त्याच्याच. आता आम्ही कामं वाटून देतो. काही औषधं शिरेतून जातात, काही श्वासातून. आधी शिरेतून एक देईन, पेंटोथाल. त्याने तुम्ही अर्ध्या मिनिटात झोपाल. तोंडात लसणीसारखी चव आली तर घाबरू नका. पण त्याची झोप थोडाच वेळ टिकते. मग स्नायू सैल करणारं एक, घशात नळी घालण्यापुरतं. ते झोपेचं औषध नाही बरं का, म्हणून ते झोपल्याशिवाय कधी देत नाहीत. नंतर नळीतून वायू. प्राणवायू, त्याच्याबरोबर नायट्रस, आणि हॅलोथेन म्हणून एक, त्याची वाफ गोडसर असते. तो चालू आहे तोवर तुम्ही झोपलेले, बंद केला की हळूहळू जागे. दुखण्यासाठी वेगळं इंजेक्शन."

"आणि सावंतांना वडील दिसले ते?"

"ते केटामाइन असणार. शिरेतूनच देतात. दुखणं छान थांबवतं, श्वास चालू ठेवतं, पण स्वप्नं फार दाखवतं. तुम्हाला ते देणार नाही. तुमचे वडील आपले फोटोतच राहू देत."

मी म्हटलं, "बाई, म्हणजे आमच्या गिरणीसारखंच झालं. सूत एक खातं काढतं, खळ दुसरं लावतं, विणतो आम्ही. एकट्याने कापड होत नाही."

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यांवर नजर ठेवणारी जॉबर मी."

शेवटी त्यांनी बजावलं. रात्री बारानंतर पोटात काही नाही. पाण्याचा घोट नाही, चहा नाही, प्रसाद नाही, तीर्थ नाही. पोट भरलेलं असेल तर भुलीत अन्न वर येतं आणि फुप्फुसात जातं, माणूस त्याने दगावतो. शेवंतीचे मामा कदाचित तसेच गेले असतील, असं माझ्या मनात आलं. जेवून गेले असतील बिचारे. कोकणातला माणूस उपाशी कुठे घराबाहेर पडतो?

त्या एक तास बसल्या नसतील, पण त्यांचा शब्दन् शब्द मला कळला. त्या रात्री मी चांगला झोपलो.

हात दाखवून अवलक्षण

सकाळी दंडात एक इंजेक्शन दिलं. त्याने तोंडाला कोरड पडली आणि डोकं हलकं झालं. ट्रॉलीवरून मला आत नेलं. वरती मोठा दिवा, आणि आजूबाजूला हिरवी माणसं. सगळ्यांच्या तोंडाला फडकं. नुसते डोळे.

एक डोळ्यांची जोडी माझ्यावर वाकली. फडकं हललं. मी मान हलवली. फडकं परत हललं. मी परत मान हलवली. तिसऱ्यांदा हललं तेव्हा मी जरा जोरात हलवली, म्हणजे माणूस तयार आहे हे त्यांना कळावं. डोळे एकदम मोठे झाले. मग सगळीकडे हातवारे झाले आणि माझी ट्रॉली आली तशी उलटी निघाली.

वॉर्डात सिस्टरने कमरेवर हात ठेवले. "काका, चहा प्यायलात ना? एवढं सांगून?"

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणालात! सबनीस मॅडमनी विचारलं, काही खाल्लं का, तुम्ही हो म्हणालात. चहा घेतला का, हो. आत्ता सकाळी का, तर जोरात हो!"

मी शपथा घेतल्या. मला कुणी काही विचारलंच नाही म्हणालो. सिस्टरने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आमच्या खात्याचा मास्तर दांडी मारणाऱ्याकडे बघायचा. ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं.

संध्याकाळी शेवंती आली. तिने अर्धी पाळी सोडली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती डबा उघडून शांतपणे बसली आणि म्हणाली, "भियालात म्हणान हो म्हटल्यात ना?"

"नाही गं. देवाशप्पथ."

"खोटा बोलू नकात. भियाला माणूस, तर भियालंय म्हणान सांगूचा. माका चलला असता. पण असा नाय करूचा."

मला तेव्हा जे वाटलं ते सरळ सांगतो. मरणाच्या भीतीपेक्षा ते वाईट होतं. मी भ्यालो होतो हे खरं, पण भिऊनही टेबलावर जाऊन पडलो होतो, आणि नेमकं तेच कुणी मानायला तयार नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत डावा डोळाही मिटेना. सिस्टर रात्री त्यावर मलम घालून पट्टी लावायची. पू त्याचं काम करत होता, त्याला पुढच्या आठवड्याशी देणंघेणं नव्हतं. मी ठरवलं, आता कुणी नको म्हणालं तरी मी त्या टेबलावर जाणार. चालत जाईन.

खिडकी

जयवंत भेटायला आला तेव्हा शेवंती आत होती, आणि रखवालदार पासावर एकालाच सोडायचा. म्हणून जयवंत खाली चौकात झाडाशी उभा राहिला आणि मी पहिल्या मजल्याच्या खिडकीत. आमच्या दृष्टीने हे काही अंतर नव्हतं. साचाखात्यात याहून लांब बोलायचो.

त्याने ओठांनीच गेट मीटिंगचं सांगितलं. कोण संप मोडून आत कामाला गेला, कुणाच्या घरी कोण समजवायला गेलं. मग मी माझी रामकहाणी सांगितली.

"तू मान कशाला हलवलीस, येड्या?"

"सगळ्यांच्या तोंडाला फडकी होती रे."

जयवंत झाडाला धरून हसायला लागला. त्याने खिशातला रुमाल काढून नाकातोंडावर धरला आणि तोऱ्यात इकडून तिकडे चालून दाखवलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या खात्यात एक साहेब असाच यायचा, उडत्या तंतूंमुळे तोंडावर रुमाल धरून. त्याचे ओठ दिसायचे नाहीत, म्हणून तो काय म्हणतोय ते कुणालाच कळायचं नाही. आमची रीत ठरलेली. साहेब बोलला की मान हलवायची, तो पुढे गेला की शेजाऱ्याला विचारायचं, काय म्हणाला रे? शेजाऱ्यालाही माहीत नसायचं. वर्षानुवर्षं आम्ही सगळे त्या माणसाला हो म्हणत आलो होतो.

माझ्या खांद्यावर कुणीतरी थाप मारली. वळून बघतो तर सबनीस बाई, आणि त्यांच्यामागे शेवंती.

"मी तीनदा हाक मारली तुम्हाला," बाई म्हणाल्या. "खाली कोण आहे? मुका आहे का तो?"

"जयवंत? तो मुका असता तर संप कधीच मिटला असता."

बाईंनी खालच्या जयवंतकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मग हातातली फाइल तोंडासमोर धरली. फाइलच्या वर नुसते डोळे राहिले. आणि माझ्या मानेने, मी सांगतो, माझ्या मानेने, मला न विचारता हो म्हटलं.

बाईंनी फाइल खाली घेतली. "मी विचारलं, तुमच्या चाळीत हत्ती पाळलाय का?"

शेवंतीने तोंडाला पदर लावला. आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा दंड तिने एवढा घट्ट धरला की तिची नखं रुतली. "माका सांगूचा नाय, तुमका येवडा आयकाक येणा नाय ता?" मला तरी कुठे माहीत होतं! घरी ती नेहमी समोर बसून बोलायची.

"कानाच्या कागदावर होतं हे," बाई म्हणाल्या, "पण तुमच्याशी इतकं छान बोलणं झालं की मला शंकाच आली नाही." मग स्टूल ओढून परत बसल्या. "आता नीट ऐका. ऑपरेशन संपलं की मी वायू बंद करीन. तुम्ही जागे होताय की नाही हे कळायला मी सांगते, डोळे उघडा, हात दाबा, मान उचला. मान उचलता आली की अंगात ताकद आली, श्वास तुमचा तुम्ही घ्याल. मग नळी काढायची. पण तुमचा एक कान पट्टीत, दुसरा असा, आणि माझं तोंड झाकलेलं. सांगणार कसं?"

"हाताने सांगा," मी म्हटलं. "आम्ही हातानेच सांगतो."

आम्ही खुणा ठरवल्या. कपाळावर बोट टेकलं की डोळे उघडायचे. तळवा दाबला की उलट दाबायचा. हनुवटीखाली दोन बोटं लावली की मान उचलायची. शेवंतीने माझ्याकडून तालीम करून घेतली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा बघून बघून एवढे तयार झाले, की त्यांच्या कपाळाला कुणी हात लावला तरी ते डोळे वटारायचे.

दुसऱ्यांदा

दुसऱ्या वेळी बाईंनी मला ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या लहान खोलीत थांबवलं. तिथे त्यांच्या तोंडावर फडकं नव्हतं, ते गळ्यात लोंबत होतं. त्यांनी एकेक प्रश्न समोर बसून विचारला. काही खाल्लं? नाही. चहा? नाही. पाणी? नाही. हत्ती? नाही. सगळे हसले. मला दिव्याखाली निजवून हातात सुई लावली, तेव्हा त्या पुन्हा वाकल्या, फडकं क्षणभर खाली ओढलं आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणाल्या, "मी इथेच आहे."

ते मला साफ दिसलं. मग घशाशी लसणीची चव आली. आईच्या तेलाची आठवण होतेय न होतेय तोच सगळं संपलं. स्वप्न नाही, अंधार नाही, काही नाही. पुढचं आठवतं ते वॉर्डातलं छत, आणि शेवंतीचा हात.

नंतरचं

नंतरचं गोड करून सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बदडून काढल्यासारखं अंग दुखत होतं. ते स्नायू सैल करणाऱ्या औषधामुळे होतं, बाईंनी आधी सांगितलं होतं. नळीने घसा सोलवटला होता. उलट्या दोनदा झाल्या, मावशींच्या मानाने काहीच नाही. कित्येक दिवस चालताना भिंत धरावी लागली. डावा कान कायमचा गेला. डोक्यातली शिट्टी राहिली. तोंड मात्र हळूहळू सरळ झालं. पहिल्यांदा पाणी न सांडता चूळ भरली त्या दिवशी मी शेवंतीला हाक मारून ती तीनदा भरून दाखवली.

गिरणीने मला परत घेतलं नाही, पण ते माझ्यासारख्या हजारोंचं झालं, त्यात कानाचा दोष नाही. मी दादरला एका कापडाच्या दुकानात लागलो. जयवंत आधी पडेल ते काम करत राहिला, मग पोस्टात चिकटला. अजूनही आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंनी बोलतो.

ऑपरेशन ठरलेल्या माणसाला मी एवढंच सांगतो. भूल देणाऱ्या डॉक्टरला भेटल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. त्यांना सगळं सांगा. तंबाखू, दारू, दमा, हलणारा दात, लपवलेलं आजारपण, आणि ऐकू येत नसेल तर तेही. कळलं नाही तर मान हलवू नका. "परत सांगा" म्हणा. उपाशी राहा म्हटलं तर उपाशीच राहा, मग सासू रडली तरी चालेल. भीती वाटली तर वाटू द्या. भीती वाटली तरी टेबलावर चढता येतं, मी दोनदा चढलोय.

टाके काढायला गेलो त्या दिवशी सबनीस बाई व्हरांड्यात भेटल्या. शेवंती बरोबर होती. मी त्यांना विचारलं, "बाई, मला उठल्याचं काहीच आठवत नाही. खुणा पाळल्या ना मी?"

"पाळल्यात म्हणजे काय!" त्या म्हणाल्या. "कपाळाला बोट लावलं, डोळे उघडलेत. तळवा दाबला, तर माझी बोटं मोडायची वेळ आली. हनुवटीखाली दोन बोटं लावली, मान उचललीत. मी नळी काढली. आणि मग लक्षात आलं, मान खाली ठेवा याची खूणच आपण ठरवली नव्हती."

"मग?"

"मग काय! वर ती वरच. सिस्टरने हाताने टेकवली, तुम्ही परत उचललीत. झोपेतच. एवढं मोठं बँडेज डोक्याला, आणि ट्रॉलीवरून बाहेर निघालात ते मान वर करूनच. चूक माझी. मानेला किती ताण पडला असेल."

मला ओशाळल्यासारखं झालं. पण शेवंती पुढे झाली आणि तिने बाईंचा हात धरला.

"बाई, बरा झाला खूण नाय होती ती," ती म्हणाली. "मी सकाळधरना त्या दाराकडे उभी होतंय. आतसून एक एक ट्रॉली भायर येय. सगळी माणसा मान टाकून पडलेली, मेली काय जिवंत काय, लांबसून कळाना नाय. परत्येक ट्रॉलीक माझो जीव उडा. आणि मगे एका ट्रॉलीवर मान वर दिसली."

ती माझ्याकडे वळली, मला ओठ दिसतील अशी.

"थयच माझो जीव भांड्यात पडलो."